खाणीच्या कडेवरचे काका

माझ्या घरमालकांनी मला पहिल्याच रविवारी माती खायला लावली. हा वाक्प्रचार नव्हे. खरीखुरी, पिवळी, ओलसर माती. तिची चिमूट माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "पुढच्या दातांत धर. गिळू नको, नुसती घास. करकर लागते का?"

मला जर्मनीत, आखनला येऊन पाच दिवस झाले होते. अनोळखी देश, अनोळखी म्हातारा, अंगावर त्यांनी चढवलेलं नारिंगी जाकीट, आणि समोर जमिनीला पडलेलं एवढं मोठं भगदाड, की त्याचा पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नव्हता. अशा वेळी माणूस सांगितलेलं निमूट ऐकतो. मी माती दातांत धरली. ती करकरली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका आनंदाने ओरडले. "म्हणजे हा गाळ. वाऱ्याने आणून टाकलेला. निव्वळ चिकणमाती असती तर लोण्यासारखी लागली असती. थुंक आता. तिकडे नाही, इकडे. वारा बघून थुंकावं माणसानं."

त्या दिवशी मी ठरवलं की महिन्याभरात दुसरी खोली शोधायची. पुढे तीन वर्षं मी तिथेच राहिले, आणि त्या तीन वर्षांत असा एकही आठवडा गेला नसेल की मी तेच पुन्हा ठरवलं नाही.

मी मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी आले होते. आखनमध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणं म्हणजे दिव्यच. आमच्या ग्रुपवर एका सिनियर मुलीने लिहिलं, 'एक मराठी काका आहेत. खोली मोठी, भाडं नावापुरतं. फक्त गाव लांब आहे आणि काका जरा... तू बोलून बघ.' त्या टिंबांत काय काय भरलेलं आहे हे तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, काकांचं पहिलं वाक्य होतं, "घर मजबूत आहे. चार-पाच वर्षांनी राहणार नाही. चालेल का?"

मला वाटलं, पाडून नवीन बांधणार असतील. पुण्यात दुसरं काय होतं? तिथे गेल्यावर कळलं की घरच नव्हे, अख्खं गावच राहणार नव्हतं. गावाच्या पलीकडे एक किलोमीटरवर लिग्नाइटची उघडी खाण होती आणि ती दर महिन्याला थोडी थोडी गावाकडे सरकत होती. सरकारी कागदांवर गावाचं भविष्य ठरून गेलं होतं. पंधरा किलोमीटर दूर त्याच नावाचं नवं गाव वसवलं होतं. पाटीवर नावापुढे कंसात 'नवं' एवढंच जास्त. बेकरी तिकडे गेली होती, शाळा गेली होती, अग्निशामक दलाचा बंबही गेला होता. जुन्या गावात दर चौथ्या घरात माणूस, बाकी सगळी शटरं खाली ओढलेली. बस दिवसातून दोनदा यायची, आणि तिचा ड्रायव्हर मला बघून दचकायचा.

या ओसाड गावात चंद्रपूरचा हा माणूस चाळीस वर्षं राहत होता. तरुणपणी तिकडच्या कोळसाखाणीत सर्व्हेअर होते. मोठमोठी यंत्रं शिकायला म्हणून सहा महिन्यांसाठी इथे आले आणि गावातल्याच एका मुलीशी लग्न करून इथल्या खाणीच्या नकाशाखात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. जर्मन ते अस्खलित बोलायचे, पण चंद्रपूरच्या चालीवर. मराठीही चाळीस वर्षांपूर्वीची, जशी तिथून उचलून आणली तशीच ठेवलेली. मी जेवण करत असले की दारातून आवाज यायचा, "काय करून राहिली? कांदा? मग खिडकी उघड ना बाप्पा!" बाहेर उणे चार असलं तरी खिडकी उघडायचीच. घराचे नियम त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून जिन्यात लावले होते. चौदा नियम, मराठीत. चौदावा होता, 'रविवारी सकाळी कोणतेही काम काढू नये.'

कारण रविवारी सकाळी 'वाळवंट'.

खाणीला ते खाण म्हणत नसत. माझं वाळवंट म्हणत. लोकांना वाटतं जर्मनी म्हणजे हिरवी गार झाडी आणि गायी. इथे कडेवर उभं राहावं तर खाली मैलोगणती गवताचं पातं नाही. वर पिवळी माती, तिच्याखाली गंजासारखा लाल खडीचा पट्टा, मग साखरेसारखी पांढरी वाळू, मग राखाडी, कुठे हिरवट, कुठे जांभळट चिकणमाती, आणि अगदी तळाशी काळाकुट्ट कोळसा. मधूनच साचलेल्या पाण्याची हिरवी-निळी डबकी. एका बाजूला उपसलेल्या मातीचा जुना डोंगर. त्यावर आता जंगल लावून पायवाटा आखल्या आहेत, बाक आहेत, माहितीचे फलक आहेत. खरं सांगायचं तर दृश्य सुंदर होतं. पण काका ते बघू देतील तर ना!

नव्याने आखनला आलेल्या प्रत्येक मराठी पोराला काका एकदा तरी तिथे न्यायचेच. निघण्याआधी अंगणात सगळ्यांना रांगेत उभं करून बुटांचे तळवे तपासायचे. "हे बूट? हे लग्नाला घाल." माणशी दोन लिटर पाणी, मग ऑक्टोबर असो की फेब्रुवारी. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, "वाळवंटात चाललो आहोत. पाणी विचारून मिळत नसतं तिथे." वरून पाऊस पडत असायचा आणि आम्ही आठ जण सोळा लिटर पाणी पाठीवर घेऊन, नारिंगी जाकिटं घालून, सार्वजनिक पायवाटेवरून चालायचो. समोरून कुत्री फिरवणारी जर्मन माणसं यायची. ती आम्हाला खाणीचे कामगार समजून 'ग्लुक आउफ' म्हणायची, म्हणजे खाणवाल्यांचा रामराम. काकांची छाती फुगायची. आमचं तोंड लाजेने लाल व्हायचं.

माहितीच्या प्रत्येक फलकापाशी ते थांबत आणि खिशातून पेन काढून चुका दुरुस्त करत. एकदा एका बाईंनी त्यांना हटकलं, की अहो, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. काकांनी त्यांना वाळूच्या थराच्या वयाबद्दल वीस मिनिटं सुनावलं. शेवटी त्या बाईंनीच स्वतःचं पेन दिलं, कारण काकांच्या पेनची शाई संपली होती. हे असं व्हायचं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पेन देणं सोपं.

घरात तर मातीचा बाजारच. स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याच्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्यांत रंगीत मात्या भरून ठेवलेल्या, प्रत्येकीवर, ती ज्या चाचणीच्या भोकातून काढली त्या भोकाचा नंबर. मी आल्यावर माझ्या मसाल्यांच्या बरण्यांनाही त्याच फळीवर जागा दिली. व्हायचं तेच झालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईत मी फोडणीत हळद म्हणून पिवळी माती घातली. वरण काकांनीही खाल्लं. दोन घास झाल्यावर जिभेवर काहीतरी तपासत म्हणाले, "करकर लागते." मग फळीकडे बघितलं, आणि मला काही बोलण्याऐवजी अत्यंत दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "बेचाळीस नंबर होता तो. आता ती जागा नाही उरली पृथ्वीवर." मला माफी मागावी की डोकं आपटावं हे कळेना. मी दोन्ही केलं नाही, वरण ओतून दिलं.

काकू मी यायच्या दोन वर्षं आधी वारल्या होत्या. त्यांचा जन्म त्याच गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. गावच्या दफनभूमीत त्यांच्या आईवडिलांच्या शेजारी त्यांना पुरलं होतं. काका रोज सकाळी तिथे जायचे. थडग्याचं काय करायचं असतं हे त्यांना साठीनंतर शिकावं लागलं होतं. "आमच्यात माणूस नदीत जातो," ते मला म्हणाले होते, "मागे साफसफाई नाही. इथे मेल्यावरही अंगण झाडून राहिलो मी." थडग्यावर ते दर उन्हाळ्यात तुळस लावायचे आणि ती दर नोव्हेंबरात थंडीने मरायची. शेजारच्या थडग्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना थंडीत टिकणारं हेदर नावाचं झुडूप आणून दिलं होतं. ते त्यांनी घरी कुंडीत लावलं आणि थडग्यावर पुन्हा तुळस. दफनभूमीच्या हिरव्या झारीने पाणी घालताना उजव्या हाताच्या अंगठ्यावरून धार सोडायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय आहे." यापलीकडे त्या विषयावर त्यांनी बोलू दिलं नाही.

आणि नेमक्या त्याच विषयावर माझी नेमणूक झाली.

त्यांची एकुलती एक मुलगी हॅम्बर्गला बंदराच्या एका कंपनीत होती. मराठीचा शब्दन् शब्द तिला कळायचा, पण बोलायची जर्मनमध्येच. मी त्या घरात राहायला गेल्यावर महिन्याभरात तिचा मला फोन आला. गाव हलणार म्हणजे दफनभूमीही हलणार होती. कुटुंबाने अर्ज भरला की थडगं रीतसर उघडून, अवशेष नव्या गावच्या दफनभूमीत नेऊन पुरणार होते. बहुतेक सगळ्या कुटुंबांनी सह्या केल्या होत्या. फक्त तिच्या वडिलांची सही व्हायची होती, आणि ती त्यांच्याशिवाय कोणी करू शकत नव्हतं.

"तुझं ऐकतील ते," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. आल्झो, म्हणजे बघ, मी फोनवर 'फॉर्म' म्हटलं की ते रिसीव्हर खाली ठेवतात आणि बागेत जातात. मला लाइनवर पक्षी ऐकू येतात."

"आणि सही केलीच नाही तर?"

"मुदत संपली की खाण येईल. मग माझी आई कुठे असेल ते मला सांगता येणार नाही." मला नाही म्हणता आलं नाही.

तो अर्ज मी पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर ठेवला. काकांनी त्यावर गरम कुकर ठेवला. दुसरी प्रत छापून आणली, तिच्या मागे त्यांनी वाण्याची यादी केली. तिसरी प्रत मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली, तर त्या फोल्डरमध्ये पावसात भिजू नये म्हणून खाणीचा नकाशा गेला आणि अर्ज बाहेर आला. मी विषय काढला की उत्तर एकच, "चल, फिरून येऊ." आणि मग पुन्हा जाकीट, पुन्हा दोन लिटर पाणी. माझ्या थीसिसचे कितीतरी दिवस त्या वाळवंटाने खाल्ले.

फिरायला जाताना त्यांची आणखी एक तऱ्हा होती. दफनभूमीच्या फाटकापासून ते खाणीच्या कुंपणापर्यंत ते मोठ्याने पावलं मोजत. मधे कोणी बोललं की आकडा चुकायचा, आणि आकडा चुकला की ते फाटकापाशी परत जाऊन एकपासून सुरुवात करायचे. माझ्याबरोबर आलेली निम्मी पोरं या प्रकारानंतर पुन्हा कधी त्या गावात फिरकली नाहीत.

एका ओल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. काका सातशे काहीतरीवर होते आणि माझा फोन वाजला. हॅम्बर्गहून. मी हळू आवाजात बोलले, तरी त्यांचा आकडा गेला. वळले आणि चालू लागले परत.

माझा बांध फुटला. मी भर पावसात ओरडले, "काका, बस झालं! तिकडे तुमची मुलगी रडते आहे. एक सही करायची आहे तुम्हाला, आणि तुम्ही इथे शाळकरी पोरासारखे पावलं मोजताय! कशासाठी?"

ते थांबले. टोपीवरून पाणी गळत होतं. म्हणाले, "गेल्या महिन्यात नऊशे चाळीस होती. बघायचं होतं, किती उरली."

मग ते खांबाला टेकून उभे राहिले आणि पहिल्यांदा सरळ बोलले. खाण कुठपर्यंत जाणार त्याची रेघ नकाशावर ओढायचं काम त्यांच्या खात्याकडे होतं. तीस वर्षांपूर्वी ती रेघ त्यांनीच ओढली होती, स्वतःच्या हाताने, शाईने. ती सासुरवाडीच्या पलीकडून गेली, म्हणजे गाव आत आलं. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जेवून घे." काकांनी टोपीवरचं पाणी झटकलं. "चुकली होती रेघ. तेव्हा नाही कळलं. नंतर भोकं पाडली ना, त्यात दिसलं. दफनभूमीच्या खाली कोळसा पातळ आहे. काढून परवडत नाही. खाण त्याच्या अलीकडेच थांबते का नाही बघ. तिला हलवायची गरज नाही. एकदा माझ्या रेघेनं तिचं गाव गेलं, आता तिला मी हात लावू देणार नाही."

मला त्या क्षणी त्यांची दया आली. पुढच्या क्षणी पुन्हा संताप आला, कारण खाणीतली दोन यंत्रं अहोरात्र खणत असताना हा माणूस बेचाळीस नंबरच्या बरणीच्या भरवशावर बसला होता. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बेचाळीस नाही, सत्तावन्न," आणि फाटकाकडे चालू लागले.

पुढच्या वसंतात दफनभूमी रिकामी होऊ लागली. भल्या सकाळी कापडाचे पडदे लावत, एकेका थडग्याभोवती. कुटुंबातली माणसं काळ्या कपड्यांत बाजूला उभी राहायची. काम झालं की जागा सपाट करून गवताचं बी टाकत. एका शनिवारी काकूंचा धाकटा भाऊ आला. साठीचा शेतकरी, टोपी हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. आईवडिलांना पुढच्या आठवड्यात नेणार होता. त्याच्याबरोबर अर्जाची कोरी प्रत होती, चौथी.

"ताईलाही त्याच गाडीतून नेऊ," तो म्हणाला. "आईच्या शेजारी जागा राखून ठेवली आहे. तू फक्त सही कर."

काकांनी त्याला बसायला खुर्ची दिली, नकाशा पसरला आणि कोळशाच्या थरांवर तासभर व्याख्यान दिलं. तो बिचारा सगळं ऐकत होता. एकदाच म्हणाला, "पण मी कोळशाचं विचारतच नाही आहे." काकांनी पुढचा नकाशा उलगडला. शेवटी तो कॉफी न पिताच उठला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि काकांच्या वतीने माफी मागितली. त्याने माझा हात हातात घेतला, मग टोपी डोक्यावर घातली. पुढच्या आठवड्यात आईवडील गेले, काकू राहिल्या. हॅम्बर्गहून त्या दिवशी फोन आला नाही, त्यानंतर काही महिनेही आला नाही. मुदत संपली तेव्हा मीच फोन करून सांगितलं. ती फक्त "या" म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये 'हो', आणि फोन ठेवला.

आणि मग, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. सरकारने कोळसा ठरल्यापेक्षा लवकर बंद करायचं ठरवलं. खाण जिथे होती तिथेच थांबणार होती. गाव वाचलं.

बातमी रेडिओवर लागली तेव्हा काका भाजी निवडत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली, उठले आणि शिरा केला. एवढा तुपकट शिरा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मग गावात उरलेल्या प्रत्येक दारावर वाटी घेऊन गेले, आणि ज्या घरांत कोणी नव्हतं त्यांच्याही घंट्या वाजवल्या. मी मनापासून खूश होते. पण तिथेही त्यांनी माझा आनंद टिकू दिला नाही. बातमीत हवामानाचं कारण सांगितलं होतं, ते त्यांना मान्य नव्हतं. "हवामान कसलं? थर पातळ आहे! मी सांगत नव्हतो?" वर्तमानपत्राला त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. टाइप करायला अर्थातच मी. ते छापून आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. फोनवर मुलीलाही त्यांनी तेच सुनावलं. ती म्हणाली, "हो बाबा, तुमचं बरोबर होतं." हे शब्द तिने मराठीत म्हटले. काकांना त्याचा आनंद झाला. मला तिचा आवाज आवडला नाही.

नोव्हेंबरची पहिली तारीख आली. या भागात त्या दुपारी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जमतात, लाल काचेतले दिवे लावतात, पाद्री येऊन पाणी शिंपडतो. मग तिथेच गटागटाने गप्पा चालतात, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. मी पहिल्या वर्षी गेले होते तेव्हा तिथे जत्रेइतकी गर्दी होती आणि काकांना दहा बायकांनी घेरलं होतं, तुळशीवरून.

या वर्षी आम्ही दोघं गेलो. फाटक उघडंच होतं. आत रांगाच्या रांगा सपाट, त्यांवर नवं पोपटी गवत. मधे चार-पाच थडगी, कोणी वारस न उरलेल्यांची, शेवाळलेली. आणि एका कडेला काकूंचं. शेजारी जिथे आई आणि वडील होते तिथे नुसते दोन आयत. पाद्री आला नाही. तो नव्या गावात होता, सगळेच तिथे होते. काकांनी दिवा लावला. झारी आणायला गेले, तर नळ बंद केलेला. तसेच परत आले. मला वाटलं, आता थरांबद्दल काही बोलतील. पण ते वाकले, दिव्याची काच बाहीने पुसली आणि फाटकाकडे वळले. घरी येताना एक पाऊलही मोजलं नाही.

चार दिवसांनी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात मी दक्षिण जर्मनीत गेर्लिंगेनला जाणार होते, खोकी भरत होते. म्हणाले, "तो फॉर्म आहे का गं?"

हातातली पुस्तकं मी अक्षरशः खाली आदळली. "काका! दोन वर्षं मी तो फॉर्म घेऊन तुमच्या मागे फिरले. मुदत संपली त्याची. आता गाव राहणार आहे, आता कोण हलवून देणार?"

"दुसरा असेल ना."

दुसरा होता. नगरपालिकेत विचारलं तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, की मृताची शांतता सहसा मोडता येत नाही. फार महत्त्वाचं कारण असेल तरच विचार होतो. मुलीच्या संमतीची सही लागेल, नव्या दफनभूमीत जागा असल्याचं पत्र लागेल, आरोग्यखात्याचा दाखला लागेल. आणि एक प्रश्न त्याने अगदी सभ्यपणे विचारला, "सगळे हलवत होते तेव्हा तुम्ही का नाही हलवलंत?" काकांनी कागदांची यादी घडी करून खिशात घातली. नकाशा त्यांनी बाहेर काढलाच नाही.

परवानगी पुढे मिळाली, सात महिन्यांनी. आईच्या शेजारची जागा तोवर दुसऱ्यांना गेली होती, शेवटच्या रांगेत मिळाली. मुलगी हॅम्बर्गहून आली, मी गेर्लिंगेनहून गेले. पण काका म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. आठवते ती अर्ज भरायची सकाळ.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसले होते, ते समोर. नाव, पत्ता, नातं सगळं भरून झालं. मग आला 'कारण' हा रकाना. काका घसा खाकरून सांगू लागले, "लिही. खाणीचे पंप बंद झाले की भूजल वर चढेल. त्या भागातल्या वाळूचा..."

"काका, यावर ते तज्ज्ञाचा अहवाल मागतील."

"मीच तज्ज्ञ आहे."

"तुम्ही अर्जदार आहात."

मग त्यांनी जमीन खचण्याचा मुद्दा काढला. मग बस नसल्याचा. मग नळ बंद असल्याचा, त्यात पाइपचा व्यासही सांगितला. रकान्यात दोन ओळींची जागा होती आणि माझं दीड पान भरलं होतं. मला निघायचं होतं, सामान अर्धं बाहेर होतं, डोकं दुखत होतं. मी सगळं पुसून टाकलं आणि म्हटलं, "काका, पाया पडते तुमच्या. एकदा तरी खरं कारण सांगा."

ते खिडकीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता "चल, फिरून येऊ" म्हणणार. पण ते बसून राहिले. टेबलाच्या कडेवर बोटाने एक सरळ रेघ ओढत होते, पुन्हा पुन्हा, तीच.

"लिही," ते म्हणाले. "माहेरची माणसं तिला न्यायला आली होती. मी पाठवलं नाही."

मी ते जर्मनमध्ये लिहिलं. दोन ओळींत बसलं.